ट्रायच्या सल्लामसलत पत्राला दखल घ्यावी लागेल असे उत्तर कसे लिहावे

मोबाइल सेवेचे दर कसे जाहीर व्हावेत, कॉल तुटण्याचे किती प्रमाण खपवून घ्यावे, नको असलेले व्यावसायिक संदेश कसे रोखावेत, उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून सरकारने कोणते शुल्क घ्यावे, अशा प्रश्नांचा निकाल भारतात एका ठरलेल्या पद्धतीने लागतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, त्या विषयावर सल्लामसलत पत्र काढते, लेखी मते मागवते, आलेली मते आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवते, खुली चर्चा घेते आणि त्यानंतर शिफारस, आदेश किंवा विनियम (म्हणजे ट्रायने स्वतःच्या अधिकारात केलेला बंधनकारक नियम) काढते. या प्रक्रियेत कोणालाही भाग घेता येतो. त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही की वकील द्यावा लागत नाही. तरीही प्रत्यक्षात मुद्देसूद उत्तरे येतात ती बहुतेक कंपन्यांची आणि त्यांच्या संघटनांची, कारण त्यांच्याकडे याच कामासाठी नेमलेली माणसे असतात. ग्राहक संघटना, इंटरनेट सेवा देणारे छोटे व्यावसायिक, कायद्याचे विद्यार्थी आणि या विषयात लक्ष घालणारे नागरिक यांनी हे काम कसे करावे, ते येथे सांगितले आहे.

नुसत्या संख्येने काही साधत नाही, हे २०१५ सालच्या एका प्रसंगाने लख्ख दाखवून दिले आहे. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने डेटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांविषयी एक छोटे सल्लामसलत पत्र काढले. काही ठरावीक संकेतस्थळे फुकट किंवा स्वस्तात आणि बाकीचे इंटरनेट पूर्ण दराने, अशी आकारणी कंपन्यांना करू द्यावी काय, हा त्याचा विषय होता आणि त्यात मोजके चारच प्रश्न होते. उत्तरे सुमारे २४ लाख आली. त्यांतील फार मोठा भाग ठरावीक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या, फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेला पाठिंबा देणाऱ्या एकाच साच्यातील संदेशांचा होता, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या संदेशांत नव्हतीच. ट्रायने तसे फेसबुकला लेखी कळवले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी जो विनियम निघाला, त्याने मजकुरानुसार डेटाचा दर बदलण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये, असा दंड ठेवला. म्हणजे लाखो संदेशांचा कौल एका बाजूला होता आणि निर्णय दुसऱ्या बाजूने लागला. निर्णयाच्या कागदात चर्चा झाली ती प्रश्नांना धरून दिलेल्या उत्तरांची.

कोणाचे दार ठोठवायचे

लेखणी हाती घेण्यापूर्वी आपला मुद्दा नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो, हे पाहून घ्यावे. भारतीय दूरसंचार क्षेत्रात शासन एकाच वेळी अनेक भूमिका बजावते आणि त्या भूमिकांची सरमिसळ झाली की चांगले निवेदनही चुकीच्या टेबलावर पडून राहते.

पहिली भूमिका धोरणकर्त्याची आणि परवाने देणाऱ्याची. ती केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग पार पाडतो. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तार, आणि पुढे दूरध्वनी, चालवण्याचा एकमेव अधिकार सरकारकडे ठेवला होता. खासगी कंपन्यांना मिळालेला प्रत्येक परवाना त्याच अधिकारातून निघालेला होता. त्या अधिनियमाची जागा आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम घेत असून तो जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. त्यात परवान्याऐवजी प्राधिकारपत्राची रचना आहे, पण कोणी सेवा द्यावी आणि कोणत्या अटींवर द्यावी, हे ठरवण्याची सत्ता सरकारकडेच आहे.

दुसरी भूमिका मालकाची. बीएसएनएल ही १ ऑक्टोबर २००० रोजी विभागातून वेगळी काढलेली, संपूर्ण सरकारी मालकीची कंपनी आहे. शिवाय व्होडाफोन आयडियाची सरकारी देणी भागभांडवलात रूपांतरित केल्यामुळे २०२५ मध्ये त्या कंपनीतील सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. परवाने देणारा आणि बाजारातील एक खेळाडू एकच असणे, हीच स्वतंत्र नियामकाची गरज का पडते याची खरी मीमांसा आहे. उत्तर लिहिताना ही गोष्ट विसरू नये, कारण सरकार ज्या अटी सुचवते त्यांत कधी कधी महसूल गोळा करणाऱ्याचे हितही मिसळलेले असते.

तिसरी भूमिका नियामकाची, म्हणजे ट्रायची. १९९७ च्या अधिनियमाने ती निर्माण झाली. चौथी भूमिका तंटा सोडवणाऱ्याची. २००० सालच्या दुरुस्तीने ती ट्रायकडून काढून दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे टीडीसॅटकडे, देण्यात आली.

एखाद्याचे बिल चुकले, सिमकार्ड बंद पडले किंवा नंबर पोर्ट होईना, तर त्यासाठी ट्रायला लिहून उपयोग नाही, कारण ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. तिथे कंपनीचे तक्रार केंद्र, त्यानंतर कंपनीचेच अपील प्राधिकरण आणि शेवटी ग्राहक आयोग हा मार्ग आहे. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र असाच त्रास अनेकांना होत असेल आणि त्याचे मूळ नियमातील एखाद्या त्रुटीत असेल, तर ती बाब सल्लामसलतीची आहे.

आणखी एक दार पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २०२३ च्या अधिनियमाखालचे नियम केंद्र सरकार करते, ट्राय नव्हे. त्या नियमांना पूर्वप्रसिद्धीची अट आहे. त्यामुळे मसुदा राजपत्रात येतो आणि त्यावर हरकती व सूचना पाठवण्यासाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात. इंटरनेट सेवा तात्पुरती बंद करण्याविषयीचे २०२४ चे नियम याच मार्गाने आले. इंटरनेटबंदीविषयी कोणाला काही म्हणायचे असेल, तर ते ट्रायच्या कोणत्याही पत्राला दिलेल्या उत्तरात घुसडणे व्यर्थ आहे. राजपत्रातील मसुद्याची वाट पाहून तिथेच लिहावे.

कोणत्या अधिकाराखाली पत्र निघाले आहे

सल्लामसलत पत्र हाती आल्यावर पहिल्या प्रकरणात ते का काढले, हे दिलेले असते. तो भाग कंटाळवाणा वाटला तरी लक्षपूर्वक वाचावा, कारण उत्तराचा सगळा रोख त्यावर अवलंबून असतो. ट्राय अधिनियमाच्या कलम ११ मध्ये दोन अगदी वेगळ्या तऱ्हेची कामे आहेत.

काही विषयांवर ट्राय फक्त शिफारस करते. नवा सेवा पुरवठादार केव्हा आणि का आणावा, परवान्याच्या अटी काय असाव्यात, हे असे विषय आहेत. सरकारने ट्रायची शिफारस मागवणे बंधनकारक आहे, पण ती स्वीकारणे बंधनकारक नाही. सरकारला ती पटली नाही तर ती फेरविचारासाठी परत येते, ट्रायने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि अंतिम निर्णय सरकार घेते. दर आणि सेवेची गुणवत्ता यांसारख्या विषयांत मात्र ट्राय स्वतः बंधनकारक आदेश किंवा विनियम काढू शकते.

हा फरक किती मोठा आहे, ते इंटरनेटच्या समानतेच्या प्रश्नावरूनच दिसते. डेटाच्या दरातील भेदभाव हा दराचा विषय असल्याने ट्रायने २०१६ मध्ये स्वतःच्या अधिकारात विनियम काढला आणि तो तत्काळ लागू झाला. एखाद्या संकेतस्थळाचा वेग मुद्दाम कमी करणे किंवा ते अडवणे, हा मात्र परवान्याच्या अटींचा विषय होता. त्यावर ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी दिल्या आणि सरकारने त्या जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. विषय जवळपास एकच होता, पण एका भागाचा निकाल ट्रायच्या कार्यालयात लागला आणि दुसऱ्यासाठी मंत्रालयाचा होकार लागला.

म्हणून पत्र शिफारशीसाठी असेल तर उत्तरात सरकारला पटतील अशी कारणेही द्यावीत: महसुलावर काय परिणाम होईल, सुरक्षेचा प्रश्न येतो का, ग्रामीण भागात सेवा पोहोचण्यास मदत होईल का. त्याची एक प्रत दूरसंचार विभागालाही पाठवून ठेवावी. पत्र विनियमासाठी असेल तर भर वेगळा असतो. तिथे आपण सुचवलेली गोष्ट ट्रायच्या अधिकारात बसते का आणि न्यायालयात टिकेल का, याचा विचार उत्तर देणाऱ्यानेही करायला हवा. हे काम वकिलांचे आहे असे समजून ग्राहक संघटना ते सोडून देतात. त्याची किंमत काय मोजावी लागते, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

कॉल तुटण्याच्या भरपाईचे काय झाले

२०१५ मध्ये कॉल मध्येच तुटण्याच्या तक्रारी देशभर गाजत होत्या. ट्रायने त्यावर सल्लामसलत करून ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्राहक संरक्षण विनियमांत दुरुस्ती केली: १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे कंपनीने ग्राहकाच्या खात्यात एक रुपया जमा करावा, मात्र दिवसाला तीन कॉलांपुरताच. ग्राहकांना हा नियम अर्थातच आवडला. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला, पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

न्यायालयाची कारणे उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावीत अशी आहेत. गुणवत्तेच्या विनियमांत ट्रायनेच कॉल तुटण्याचे दोन टक्क्यांपर्यंतचे प्रमाण मान्य केलेले होते. नवा नियम ते प्रमाण पाळणाऱ्या कंपनीलाही भुर्दंड लावत होता, म्हणजे दोन नियम एकमेकांशी विसंगत झाले. कॉल तुटण्याचे कारण कधी ग्राहकाच्या बाजूलाही असते, हे ट्रायच्याच तांत्रिक टिपणात आलेले होते. नियमात मात्र सगळा दोष कंपनीवर टाकलेला होता. याहून महत्त्वाचा मुद्दा पारदर्शकतेचा होता. कलम ११ च्या चौथ्या पोटकलमानुसार ट्रायने आपले काम पारदर्शकपणे करणे बंधनकारक आहे. कंपन्यांनी मांडलेले आक्षेप नियमाच्या स्पष्टीकरणात्मक टिपणात नोंदवलेले असले तरी ते का नाकारले याची कारणे तिथे नव्हती, आणि न्यायालयाने नेमके त्यावर बोट ठेवले. नियम करण्यापूर्वी लोकांची मते मागवून त्यांना सकारण उत्तर देण्याची पद्धत सर्वच यंत्रणांना लागू करणारा कायदा संसदेने करावा, असेही न्यायालयाने सुचवले.

माझ्या मते भारतातील नियमनाच्या इतिहासात सामान्य ग्राहकाला इतके शिकवणारा दुसरा निकाल नाही. ग्राहकांच्या बाजूचा नियम पडला, याचे वाईट वाटते. पण त्याच निकालाने ग्राहकांच्या हातात एक साधनही दिले आहे. आपण लेखी, सकारण आक्षेप नोंदवला आणि ट्रायने त्याला कारण न देता बगल दिली, तर तो निर्णयाचा कच्चा दुवा ठरू शकतो. उलट, आपल्याला हवा असलेला नियम टिकावा असे वाटत असेल तर विरोधी आक्षेपांची उत्तरे आपणच पुरवायला हवीत. त्या वेळी एखाद्या संघटनेने ‘दोन टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे जाणाऱ्या कंपनीनेच भरपाई द्यावी’ अशी शब्दरचना आधारांसह मांडली असती आणि ती स्वीकारली गेली असती, तर किमान विसंगतीचा आक्षेप तरी उरला नसता.

उत्तर लिहिताना

सल्लामसलत पत्राची शेवटची पाने आधी उघडावीत. तिथे सर्व प्रश्न क्रमांकांसह एकत्र दिलेले असतात. ते वाचून आपल्याला ज्यांवर अनुभवाने किंवा अभ्यासाने काही सांगता येईल, तेवढेच निवडावेत. सगळ्या प्रश्नांना उत्तर देण्याची सक्ती नसते, आणि दोन प्रश्नांना दिलेली भक्कम उत्तरे वीस प्रश्नांवरच्या मोघम मतांपेक्षा अधिक मोलाची असतात. मग निवडलेल्या प्रश्नांशी जोडलेले प्रकरण सुरुवातीपासून वाचावे. त्यात सध्याचा नियम, त्यातील अडचणी, इतर देशांतील पद्धती आणि ट्रायला दिसणारे पर्याय आलेले असतात. प्रश्नाची भाषा बारकाईने पाहावी. ‘अशी तरतूद असावी का’ आणि ‘अशी तरतूद कशी असावी’ यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न तरतूद होणार हे गृहीत धरून चाललेला असतो, आणि ते गृहीतक मान्य नसेल तर उत्तराच्या पहिल्याच वाक्यात तसे नोंदवावे.

पत्र मुख्यतः इंग्रजीत असते. इंग्रजी लिहिण्याचा सराव नसणाऱ्यांनी मसुदा आधी मराठीत पूर्ण करावा, कारणांची साखळी नीट जुळली आहे याची खात्री करावी आणि मगच भाषांतराकडे वळावे.

उत्तराची घडण कशी असावी, हे एका विषयावर प्रत्यक्ष दाखवतो. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षण विनियमांच्या फेरविचारासाठी पत्र काढले. ज्यांना डेटा नकोच आहे त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज बंधनकारक करावे का, हा त्यातील एक प्रश्न होता. अशा प्रश्नाला बहुतेक जण पुढीलप्रमाणे लिहितात: ‘साधा फोन वापरणाऱ्यांना डेटाचे पैसे भरायला लावणे हा घोर अन्याय आहे. कंपन्या लूट करत आहेत. ट्रायने ताबडतोब स्वस्त पॅक सुरू करायला लावावेत.’ यातील भावना खरी आहे, पण अधिकाऱ्याला यातून टिपणात उतरवण्यासारखे काही मिळत नाही. शिवाय ‘स्वस्त’ या शब्दाने दर ठरवण्याचा वेगळाच वाद ओढवून घेतला जातो. मोबाइलचे बहुतांश दर ठरवण्याची मोकळीक ट्रायने कंपन्यांना दीर्घकाळ दिलेली आहे आणि ती काढून घ्यायची असेल तर त्याचे स्वतंत्र समर्थन लागते.

त्याच म्हणण्याची दखल घ्यावी लागेल अशी मांडणी साधारण अशी होईल:

‘प्रश्नाचे उत्तर: होय, असे रिचार्ज बंधनकारक असावे. कारण: आमच्या संघटनेच्या साधा फोन वापरणाऱ्या सभासदांच्या मागील सहा महिन्यांच्या रिचार्ज पावत्या आम्ही तपासल्या. दीर्घ मुदतीच्या प्रत्येक रिचार्जमध्ये डेटाचा समावेश होता, आणि या सभासदांच्या हँडसेटवर डेटा वापरण्याची सोय नाही. पावत्यांचा गोषवारा परिशिष्टात जोडला आहे. अपेक्षित आक्षेप: ही तरतूद म्हणजे दर ठरवण्यात हस्तक्षेप आहे, असे कंपन्या म्हणतील. त्यावर आमचे म्हणणे असे की, ही तरतूद कोणताही दर ठरवत नाही. ग्राहकाला न वापरता येणारी सेवा वगळण्याचा पर्याय तेवढा ती उपलब्ध ठेवते. सुचवलेली शब्दरचना: प्रत्येक सेवा पुरवठादार केवळ कॉल आणि एसएमएस यांसाठीचे किमान एक विशेष रिचार्ज उपलब्ध ठेवील.’

या परिच्छेदात पाच गोष्टी ठरावीक क्रमाने आल्या आहेत: सरळ उत्तर, कारण, पुरावा, समोरच्याचा आक्षेप त्याच्या उत्तरासह, आणि नियमात जशीच्या तशी उचलता येईल अशी शब्दरचना. शेवटची गोष्ट बहुतेक उत्तरांत नसते आणि तीच सर्वाधिक उपयोगी पडते. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला शेवटी शब्दच हवे असतात, आणि तयार, काटेकोर शब्द हाताशी असले तर त्यांचा विचार होण्याची शक्यता वाढते.

पुराव्याविषयी दोन शब्द. सर्वेक्षण करणे शक्य नसले तरी घाबरून जाऊ नये. बिले, पावत्या, कंपनीच्या ॲपवरील दरपत्रकाची दिनांकासह घेतलेली छायाचित्रे, तक्रार क्रमांक आणि त्यावर आलेली उत्तरे, हा सगळा पुरावाच आहे. तो कोणत्या काळातला, किती जणांचा आणि कसा गोळा केला, हे प्रामाणिकपणे लिहावे. दहा जणांच्या पावत्या असतील तर दहाच लिहावे. फुगवलेला एक आकडा उघडा पडला की उरलेल्या खऱ्या आकड्यांचाही विश्वास जातो. बाजाराचे चित्र मांडण्यासाठी ट्रायचे स्वतःचे मासिक ग्राहकसंख्येचे आणि तिमाही कामगिरीचे अहवाल वापरावेत. ते सेवाक्षेत्रानुसार असतात. मात्र देशात अशी २२ सेवाक्षेत्रे आहेत आणि त्यांच्या सीमा सर्वत्र राज्यांशी जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आहे, तर गोवा महाराष्ट्राच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे ‘महाराष्ट्रात’ असे लिहून आकडा देताना मुंबई धरली आहे की वगळली आहे, ते स्पष्ट करावे.

उत्तर सर्वांना दिसणार आहे, याची जाणीव ठेवावी. २०१५ मध्ये इंटरनेट सेवांच्या नियमनावरील पत्राला दहा लाखांहून अधिक ईमेल आले आणि ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह प्रसिद्ध केले. त्यामुळे घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक यांपैकी काहीही मजकुरात किंवा परिशिष्टात राहू देऊ नये. पावत्या जोडताना सभासदांची नावे व क्रमांक झाकावेत.

मुदत आणि प्रति-टिप्पणी

मते पाठवण्यासाठी बहुधा चार आठवडे मिळतात आणि त्यानंतर प्रति-टिप्पणीसाठी आणखी दोन आठवडे. दोन्ही तारखा पत्राच्या सुरुवातीलाच, ज्या अधिकाऱ्याकडे उत्तर पाठवायचे त्याच्या ईमेल पत्त्यासह दिलेल्या असतात. मुदतवाढ पुष्कळदा मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

प्रति-टिप्पणी म्हणजे इतरांनी दिलेल्या मतांना दिलेले उत्तर. सामान्य नागरिक हा टप्पा जवळजवळ नेहमीच सोडून देतात, आणि माझ्या दृष्टीने ही सर्वात मोठी हानी आहे. या वेळेपर्यंत सर्व कंपन्यांची मते संकेतस्थळावर आलेली असतात आणि त्यांचे सगळे युक्तिवाद आपल्यासमोर उघडे असतात. त्यांतील एखादा चुकीचा दाखला किंवा सोयीस्करपणे गाळलेली बाब दाखवून देण्याची संधी पुढे पुन्हा मिळेलच असे नाही.

कंपनीचे मत वाचताना त्या मुद्द्यावर तिचे पैसे कोणत्या दिशेने वाहतात, हे आधी पाहावे. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला कॉल केला की पहिल्या कंपनीने दुसरीला द्यायच्या जोडणी शुल्काचे उदाहरण घ्या. हे शुल्क मिनिटाला १४ पैसे होते, ते १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाले. १ जानेवारी २०२० पासून ते शून्यावर येणार होते, पण ती तारीख एक वर्षाने पुढे गेली आणि शुल्क १ जानेवारी २०२१ पासून संपले. नव्याने आलेल्या जिओच्या जाळ्यातून बाहेर जाणारे कॉल अधिक होते, त्यामुळे शुल्क जावे असे तिचे म्हणणे होते. जुन्या कंपन्यांकडे येणारे कॉल अधिक होते, म्हणून ते राहावे असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी ग्राहकहिताचा हवाला दिला, आणि दोन्हींच्या युक्तिवादांत तथ्यही होते. पण कॉलचा ओघ कोणीकडून कोणीकडे आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या युक्तिवादांचे वजन ठरवता येत नाही. प्रति-टिप्पणीत हेतूंवर आरोप न करता एवढेच दाखवावे की, अमुक परिच्छेदातील दावा अमुक आकड्याशी जुळत नाही.

खुली चर्चा आणि निर्णयानंतर

लेखी टप्प्यानंतर खुली चर्चा होते. तिथे प्रत्येकाला बोलायला थोडाच वेळ मिळतो, त्यामुळे लेखी उत्तर वाचून दाखवण्यात तो घालवू नये. इतरांच्या मांडणीतील एकच कळीचा मुद्दा निवडून त्यावर बोलावे.

निर्णय बाहेर पडला की त्याला जोडलेले स्पष्टीकरणात्मक टिपण उघडून आपला मुद्दा शोधावा. तो मान्य झाला आहे का, कारणे देऊन नाकारला आहे का, की त्याचा उल्लेखच नाही, या तिन्हींचा पुढचा मार्ग निराळा आहे. कारणे दिलेली असतील तर ती पुढच्या फेरविचारासाठी जपून ठेवावीत. उल्लेखच नसेल तर ट्रायला पत्र लिहून तशी नोंद करावी. आव्हान देण्याची वेळ आली तर निर्णयाचे स्वरूप पाहावे लागते. ट्रायच्या आदेशाविरुद्ध आणि निर्देशाविरुद्ध टीडीसॅटकडे अपील होते. ट्राय अधिनियमाच्या कलम ३६ खाली काढलेल्या विनियमाची वैधता मात्र टीडीसॅट तपासू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये बीएसएनएलच्या खटल्यात ठरवले आहे. त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते. शिवाय हे विनियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात, त्यामुळे आपल्या मतदारसंघाच्या खासदारांपर्यंत तोच मुद्दा लेखी नेण्याचा मार्गही मोकळा असतो.

नियम मनासारखा आला तरी त्याची अंमलबजावणी वेगळी तपासावी लागते. कॉल आणि एसएमएसच्या रिचार्जविषयीची दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ रोजी निघाली. प्रत्येक कंपनीने असे किमान एक विशेष रिचार्ज ठेवावे, आणि विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर न्यावी, असे त्यात ठरले. किंमत मात्र ट्रायने ठरवली नाही. नवा दर लागू केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत कंपनीने तो ट्रायला कळवायचा असतो. म्हणून अशा दुरुस्तीनंतर प्रत्येक कंपनीने कोणते रिचार्ज आणले, त्यातून डेटा वगळल्यावर किंमत प्रत्यक्षात किती उतरली आणि दुकानात किंवा ॲपवर ते ग्राहकाला सहज दिसते का, याचा दिनांकवार तक्ता संघटनेने सुरुवातीपासून ठेवावा आणि त्यातील विसंगती ट्रायला वेळोवेळी लेखी कळवत राहावे.